हिरव्या दोऱ्याची शिवण

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५
फरवानिया, कुवेत

सुगरा,

सलाम. रीत आहे म्हणून लिहितो. तू घेशील की नाही ते तुझं तू बघ.

माझा नंबर तू बंद केलास त्याला आठ वर्षं झाली. अम्मीच्या मयतीलासुद्धा तू मान वळवून बसलीस. म्हणून कागद घेतलाय. पण हे पत्र मी लगेच टाकणार नाही. टाकलं तर निम्मं वाचून होण्याआधी तू नवऱ्याला फोन लावशील आणि तो सावध होईल. पुरावा हाती आला की सगळं एकदम पाठवीन.

हो, सर्फराजबद्दलच लिहितोय. दोन महिन्यांपासून तो माझ्याच साइटवर आहे, हे त्याने तुला सांगितलं असेलच. भर शहरात, जुन्या बाजाराच्या पाठीमागे, चौदा मजल्यांच्या इमारतीचा पाया खोदायचं काम चालू आहे. मी फोरमन. खोदाईचं मशीन भाड्याने आणलं आणि मशीनबरोबर ऑपरेटर म्हणून हा उतरला. एवढ्या मोठ्या कुवेतमध्ये याला माझाच खड्डा सापडला.

आम्ही बोलत नाही. मध्ये प्रभाकर असतो. प्रभाकर आमचा सर्व्हेअर, लातूरकडचा, भला माणूस. मी दहा पावलांवर उभा राहून म्हणतो, "प्रभाकर, त्यांना सांग, डावीकडे दोन मीटर घ्या." सर्फराज केबिनमधून म्हणतो, "प्रभाकर, त्यांना सांग, डावीकडे पाइप हाय." प्रभाकर दोघांकडे बघून म्हणतो, "मला ह्या कामाचा वेगळा पगार द्या राव."

तर गेल्या रविवारी, नऊ तारखेला, सकाळी मशीन एकदम थांबलं. मी कोणालाही थांबायला सांगितलं नव्हतं. वळून बघतो तर तुझा नवरा खाली उतरून मातीत गुडघे टेकून बसलेला, हाताने माती बाजूला करतोय. मशीन चालवणाऱ्या माणसाचं खाली हात घालायचं काय काम? मी पोचेपर्यंत त्याने चार वस्तू फळीवर मांडल्याही होत्या. मोठ्या रांजणांचे दोन कान, एक हिरवं पडलेलं नाणं आणि बोटभर लांबीची काचेची बाटली. माती पुसली तिथे बाटली निळी-जांभळी चमकत होती. खाली दगडी भिंतीची ओळ दिसत होती. प्रभाकरने फळीचा फोटो काढून ऑफिसला पाठवला. मी ताबडतोब काम बंद केलं आणि वर कळवलं.

दुपारी प्रभाकर माझ्याकडे काहीतरी सांगायला आला. "महबूबभाई, ते सर्फराज म्हणत होते की..." एवढ्यावरच मी त्याला तोडलं. म्हटलं, त्या माणसाचं नाव घेऊन माझ्याकडे येत जाऊ नकोस, कामाचं असेल ते बोल. तो खांदे उडवून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची शुवैखच्या साइटवर बदली झाली.

मंगळवारी संग्रहालयाकडच्या बाई यायच्या होत्या म्हणून मी फळीवरच्या वस्तू कुलपात ठेवायला गेलो. कान दोन, नाणं एक. बाटली नाही.

आता सांग, मी काय समजू?

महबूब


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सुगरा,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी 'ताबडतोब' लिहिलं. ताबडतोब नाही. आधी मातीच्या दोन गाड्या अम्गऱ्याला माती टाकायला जाऊ दिल्या, मग कळवलं. काम थांबलं की सगळे फोरमनच्या नावाने शंख करतात, तुला काय माहीत. पण त्या गाड्यांत बाटली नव्हती. गाड्या निघाल्या तेव्हा ती फळीवर होती, मी पाहिली.

संग्रहालयाच्या बाईंचं नाव हिबा. पस्तिशीच्या असतील. पायात बूट, डोक्यावर टोपी, सकाळी सातला खड्ड्यात हजर. हाताखाली चार माणसं, प्रत्येकाकडे ब्रश. आमचं मशीन दिवसाला जेवढं खोदतं तेवढ्याला ह्यांना वर्ष लागेल. मला वाटलं होतं दगड मोजून जातील. पण त्या भिंतीपाशी बसून अशा बोलतात की ऐकत राहावं. म्हणाल्या, इथे कोणी रोमन राहत नव्हते, हे कोणा व्यापाऱ्याचं गोदाम असावं. नाणं रोमचं, फोटोतली बाटलीही तिकडच्याच घडणीची दिसते, सुगंधी तेलाची. हातोहात, जहाजातून जहाजात येत इथवर आली असेल.

परवा त्यांना एक अख्खा रांजण मिळाला, तोंडावर मातीचं बूच आणि बुचावर शिक्का. मी विचारलं, शिक्का कशाला? म्हणाल्या, पाठवणाऱ्याचा असतो. माल नेणाऱ्याने वाटेत फोडला नाही हे घेणाऱ्याला कळावं म्हणून. मी मनात म्हटलं, बाई, दोन हजार वर्षांपूर्वीही नेणाऱ्यावर कोणाचा भरवसा नव्हताच.

आणि मग तुझी आठवण आली. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट तू विसरली नसशील. तुझ्या लेकीच्या, सफियाच्या लग्नासाठी मी दोन सोन्याच्या बांगड्या माझ्या हाताने कापडांच्या घडीत ठेवल्या. तुझ्या भाभीने, फरजानाने पार्सल शिवलं, तिच्या नेहमीच्या हिरव्या दोऱ्याने, दुहेरी टाक्याने. सर्फराज सुट्टीवर येत होता, त्याने नेलं. तिकडे अम्मीने सगळ्यांसमोर शिवण उसवली. कापड निघालं, खजूर निघाले, बाम निघाला. बांगड्या नाहीत. मी फोनवर होतो, स्पीकर चालू होता. मी एवढंच म्हटलं की पार्सल एकाच माणसाच्या हातातून आलंय. तू म्हणालीस, "भाय, शिवण जशीच्या तशी होती." शिवण काय, पुन्हा घालता येते.

आज तेच. वस्तू चार, हात लावणारा एक, गायब एक. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पितो. मी दोनदा भाजून घ्यायचं का?

तू म्हणशील, त्याला सरळ विचार ना. विचारून काय होणार? चोर काय हो म्हणतो? उलट सावध होऊन वस्तू दुसऱ्याच्या हवाली करेल. तशीही आता गाठ पडत नाही. आमचं काम बंद, त्याचं मशीन अम्गऱ्याच्या यार्डात, तोही तिथेच. मी माझ्या पद्धतीने माग काढतोय. माझी नजर कशी आहे हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

अजून एक लिहून ठेवतो. हिबाबाईंनी प्रभाकरचा फोटो पाहिलाय. त्यांनी चौथी वस्तू मागितली. मी म्हटलं, नाजूक होती म्हणून ऑफिसच्या तिजोरीत ठेवलीय. खोटं बोललो. त्यामुळे बाटली गेलीय हे माझ्याशिवाय इथे कोणालाही माहीत नाही. आणि ज्याने नेली त्याला.

महबूब


मंगळवार, २ डिसेंबर

सुगरा,

पुरावे जमत चाललेत.

एक. बाटली गेल्याच्या चारच दिवसांत तुझ्या नवऱ्याने सुट्टीचा अर्ज दिला. पाच तारखेला, शुक्रवारी संध्याकाळचं त्याचं विमान आहे.

दोन. परवा शुवैखमध्ये हार्डवेअरच्या दुकानात आमचा एक वेल्डर त्याला भेटला. काय घेत होता? फुगे फुगे असतात ना, तो काच गुंडाळायचा प्लास्टिकचा कागद. दोन मीटर. मशीन चालवणाऱ्याला काच गुंडाळायचा कागद!

तीन. फरजाना. तिने रविवारी भाकऱ्या थापता थापता मला विचारलं, "सर्फराजभाय शुक्रवारीच जातायत ना?" मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणाली, प्रभाकरभाऊ भेटले होते. आठ वर्षांत ह्या घरात त्याचं नाव निघालं नव्हतं. काल कपाटाचं खालचं कुलूप उघडं दिसलं. शिवणाच्या डब्यातून हिरव्या दोऱ्याचं रीळ बाहेर होतं. मी काही बोललो नाही. फक्त बघितलं. तिने मान खाली घातली.

माझ्या घरात माझ्या पाठीमागे काहीतरी शिवलं जातंय, सुगरा. बाटली बोटभर लांबीची. कुठल्याही पार्सलात मावते. बायकोने शिवलेलं पार्सल इथल्या कोकणी माणसांत कोणी उघडून बघत नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक. मला काय काय वाटतंय ते लिहवत नाही. जेवण गोड लागत नाही.

हिबाबाईंनी आज साफ सांगितलं. रविवारी, सात तारखेला, त्या सगळ्या वस्तू ताब्यात घेणार. चौथी नसेल तर त्या पोलिसांत लिहून देणार. म्हणजे फोरमन आत. मी! एकतीस वर्षं ह्या वाळूत घालवली, कोणाचा खिळा उचलला नाही.

म्हणून मी मुदीरच्या, म्हणजे आमच्या मॅनेजरच्या नावाने चिठ्ठी लिहिलीय. सर्फराजचं नाव, विमानाची वेळ, बॅग तपासा. खिशात आहे. ती दिली तर त्याला विमानतळावर अडवतील. बाटली सापडली तर मला वाटतं तो बरीच वर्षं घर बघणार नाही. मला आनंद होतोय असं समजू नकोस. तुला दोन खोल्या आणि सफियाची मुलं सांभाळून दिवस काढायचे आहेत, हे मला कळतं. पण मी का म्हणून त्याच्यासाठी जेलात जाऊ?

चिठ्ठी देण्याआधी एकदा बॅग डोळ्यांनी बघायची आहे. गुरुवारी संध्याकाळी रिग्गईला त्याच्या खोलीवर सगळे गावी पाठवायची पार्सलं घेऊन जातील. मीही जाईन. पार्सल घेऊन आलेल्याला कोणी दारातून परत पाठवत नाही.

महबूब


शुक्रवार, ५ डिसेंबर
रिग्गई

सुगरा,

हे सर्फराजच्या खाटेवर बसून लिहितोय. कसा आलो इथे, ते क्रमाने सांगतो. मध्येच थांबू नकोस, एवढं ऐक.

काल मगरिबच्या नमाजनंतर आलो. हातात एक किलो खजुरांची पिशवी, नुसती बहाण्याला. खोलीत पाच-सहा जण होते. जमिनीवर बॅग उघडी, कडीला लटकवायचा वजनकाटा, प्रत्येकजण आपलं पार्सल काट्याला लावून आकडा मोठ्याने सांगतोय. सर्फराज उठला. म्हणाला, "महबूबभाय, या. बसा." आठ वर्षांत त्याने मला थेट म्हटलेले हे पहिले शब्द. मी बसलो नाही.

माझी नजर बॅगेत. आधी दिसला तो फुग्यांचा कागद. मी वाकून तो सोडायलाच लागलो. कोणाची परवानगी नाही, काही नाही. आतून कॉफीचे सहा कप निघाले. सोनेरी काठाचे. एकजण हळूच म्हणाला, "सुगराभाभींना हवे होते." तू मागितले होतेस का ग?

तरी मी थांबलो नाही. कपांच्या खाली एक पांढरं पार्सल होतं. हिरवा दोरा. दुहेरी टाका. वर तुझं नाव, फरजानाच्या अक्षरात. मी म्हटलं, "हे कोणी दिलं?"

"प्रभाकरने आणून दिला. भाभींनी पाठवला म्हणाला."

"आत काय आहे?"

तो म्हणाला, "मना काय माहीत? दुसऱ्याचा पार्सल हाय. मी कवा कोणाला विचारला नाय."

मी म्हटलं, उघडतो. खोलीतले सगळे उठून उभे राहिले. तुला माहीत आहे, शिवलेलं पार्सल मालकाशिवाय कोणी उसवत नाही. आपल्यात त्यापेक्षा मोठी शिवी नाही. सर्फराजने खिडकीतलं ब्लेड उचललं, माझ्या हातावर ठेवलं. "उसवा. आठ वर्सां झाली. एकदा तुमच्या मनाची शांती होवंदे."

मी उसवलं. सगळ्यांसमोर. अम्मीने उसवलं होतं तसंच.

आतून एक ओढणी निघाली, लहान मुलीचा फ्रॉक निघाला आणि रुमालात बांधलेल्या दोन बांगड्या.

त्याच बांगड्या, सुगरा. वेलीची नक्षी, एकीवर लहानसा पोचा. मी ओळखणार नाही का? सर्फराजनेही ओळखल्या. तो खाटेवर बसला. बाकीचे एकेक करून बाहेर गेले, चपला न घालताच. खोलीत आम्ही दोघेच उरलो.

मग माझ्या तोंडून बाहेर पडलं, "बाटली कुठे आहे?"

"कंची बाटली?"

"काचेची. फळीवरची."

"ती नमाजच्या केबिनीत हाय ना! अत्तराच्या पेटीत ठेवली मी, पैल्याच दिवशी. काच नाजूक, फळीवरून पडली तं? तेवढी एकच मऊ जागा होती साइटवर. प्रभाकरला सांगितला होता, तुमाला सांग म्हणून."

ती पेटी तुला माहीत असायचं कारण नाही. मागच्या रमजानात मालकाने साइटला अत्तराच्या बारा बाटल्यांची मखमली पेटी दिली होती. अत्तर केव्हाच संपलं. झाकणावर अल्लाचं नाव छापलेलं, म्हणून कोणी पेटी टाकली नाही आणि इतर सामान ठेवायलाही वापरली नाही. वरच्या फळीवर कुराणशरीफच्या शेजारी आहे. साडेतीन आठवडे मी रोज तिच्याखाली दोन वेळा सजदा करत होतो. दुवा काय मागत होतो सांगू? चोर सापडू दे.

मी तिथूनच प्रभाकरला फोन केला. तो म्हणाला, "महबूबभाई, मी सांगायलाच आलो होतो. तुम्हीच म्हणालात, त्या माणसाचं नाव घेऊ नकोस. मला वाटलं पेटी तुमच्या डोळ्यांसमोरच आहे, दिसेल. हरवली होती का? मग मला विचारायचं तरी!" आणि वर म्हणाला, "काखेत कळसा नि गावाला वळसा." मी फोन ठेवला.

घरी गेलो. फरजाना दारातच उभी होती. मी बांगड्यांचा रुमाल तिच्यासमोर धरला. मला वाटलं होतं रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "बांगड्या माज्या आईच्या होत्या. तुमी सफियाला देताना मना विचारलात? मी शिवताना काडून ठेवल्या. म्हटला, तिकडून फोन आला की सांगेन, मीच काडल्या, माज्या हायेत. पण तुमी एका मिनिटात सर्फराजभायचा नाव घेतलात. सगळा गाव ऐकत होता. मग माजी जीभ उचलली नाय. एक दिवस गेला, मग वर्सां गेली." आता तिने आपल्या मनाने पाठवल्या होत्या, सफियाच्या मुलीसाठी. ज्याच्यावर आळ आला त्याच्याच हातून पोचाव्यात म्हणून थांबली होती.

मला तिच्यावर संतापायचं होतं. तिने मला न सांगून चूक केली, हे खरंच. पण तिला मी विचारलं नव्हतं. सर्फराजला विचारलं नव्हतं. तू म्हणालीस शिवण जशीच्या तशी होती, ते मी ऐकलं आणि ऐकलं नाही. शिवण खरोखरच जशीच्या तशी होती ग. तू खरं बोलत होतीस.

आज सकाळी वॉचमनकडून केबिन उघडून घेतलं. पेटी खाली काढली. तिसऱ्या खणात बाटली होती, मातीसकट, कापसात ठेवलेली. हिबाबाईंना बोलावून त्यांच्या हातात दिली आणि तिजोरीचं खोटं आणि मातीच्या दोन गाड्या, दोन्ही सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मुदीरलाही कळवणार म्हणाल्या. फोरमनकी राहील असं वाटत नाही. राहू नये, असंही वाटतं. जाताना त्यांनी विचारलं, ही पेटीत कोणी ठेवली? मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या नवऱ्याने. त्या म्हणाल्या, त्याचे आभार सांगा, फळीवर राहिली असती तर चुरा झाला असता. त्याला ते सांगितलं. थेट, प्रभाकरशिवाय.

आता पार्सल पुन्हा शिवायचं आहे. फरजाना म्हणाली, मी शिवणार नाही, ज्याने उसवलं त्याने शिवावं. हिरवा दोरा आणि सुई तिनेच दिली. माझे टाके कसे येणार ते दिसेलच तुला. कपडे आहेत, बांगड्या आहेत. त्यांच्याबरोबर आधीची तिन्ही पत्रं घालतोय. फाडणार होतो. पण सगळ्या गावाला ऐकू जाईल असं मी ओरडलो होतो, तर मनात काय काय होतं तेही तुला कळायला हवं. खिशातली मुदीरची चिठ्ठीही घालतोय. वाच आणि सर्फराजला वाचायला द्यायचं की नाही ते तू ठरव. मी माफी मागतो. त्याच्याकडे काल मागितली, तो म्हणाला, "सुगराकडे मागा." म्हणून तुझ्याकडे मागतोय. लहान बहिणीकडे मोठा भाऊ मागतो तशी नाही. तुझ्या पाया पडून मागतो.

मघाशी सगळं काट्याला लावून पाहिलं. बॅग चारशे ग्रॅमने जास्त भरली. मी म्हटलं, माझे कागद काढतो. त्याने नको म्हटलं आणि स्वतःचे नवे बूट बॅगेतून काढून खाटेखाली सरकवले. मग मी सुई ओवायला घेतली तसा तो उठला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पार्सल शिवताना नेणाऱ्याने आत बघायचं नसतं.

हे पान घडी घालून आत ठेवतो. तो अजून पाठमोराच उभा आहे. ह्या कागदांत काय लिहिलंय, हे त्याने एकदाही विचारलेलं नाही.

महबूब